फोर्झा होरायझन ५: ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडी ड्रिफ्टसाठी ट्यून करताना

फोर्झा होरायझन ५ या कार-रेसिंगच्या व्हिडिओ गेममध्ये ऑल-व्हील-ड्राइव्ह (इंजिनाची ताकद चारही चाकांना देणारी) गाडी पहिल्यांदा ड्रिफ्टला, म्हणजे टायर घसरवत वळणातून आडवी न्यायला, घेतली की बहुतेकांचं एकाच ठिकाणी अडतं. रिअर-व्हील-ड्राइव्हचा (ताकद फक्त मागच्या चाकांना) जमलेला सेटअप घ्यायचा, तेच आकडे इथे भरायचे आणि वळण आलं की हँडब्रेक ओढायचा. मग शेपूट जेमतेम सुटतं, नाक वळणाच्या बाहेर सरकत राहतं आणि थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर) दाबला की गाडी सरळ होऊन कडेला जाते. ते आकडे रिअर-व्हील-ड्राइव्हपुरते बरोबरच असतात, पण त्यांत पुढच्या टायरला वळवण्याचं एकच काम गृहीत धरलेलं असतं.

ऑल-व्हील-ड्राइव्हमध्ये पुढचा टायर वळवतोही आणि ओढतोही. कुठल्याही टायरकडे पकड ठरावीक असते. त्यातली जितकी ओढण्यात खर्च होईल, तितकी वळवायला कमी उरते. या लेखातला प्रत्येक आकडा याच हिशेबातून आला आहे: पुढच्या टायरच्या पकडीतला किती वाटा वळणाला द्यायचा आणि किती वेगाला. हे ध्यानात ठेवलं तर गाडी बदलल्यावर आकडे पुन्हा शोधत बसावं लागत नाही.

खऱ्या स्पर्धांमध्ये हा प्रश्न फारसा येत नाही. अमेरिकेतल्या फॉर्म्युला ड्रिफ्ट मालिकेत रिअर-व्हील-ड्राइव्हच लागते, आणि जपानमधले ड्रिफ्ट करणारे स्कायलाइन जीटी-आर घेतली की पुढच्या चाकांकडे जाणारी ताकद काढून टाकत आले आहेत. चारही चाकांची ताकद ठेवून गाडी आडवी चालवण्याचं कसब लोकांपुढे आणलं ते अमेरिकन रॅलीचालक केन ब्लॉकने. त्याची १९६५ ची मस्टँग ‘हूनिकॉर्न’ या गेममध्येही आहे. पण तिच्यावर शिकायला जाऊ नका. तिची ताकद इतकी आहे की सेटअपमधली चूक आणि हातातली चूक वेगळी ओळखता येत नाही.

गाडी कोणती

उदाहरणासाठी २००२ ची निसान स्कायलाइन जीटी-आर व्ही-स्पेक २, म्हणजे आर३४, घेऊ. ही मुळातच ऑल-व्हील-ड्राइव्ह आहे, त्यामुळे ड्राइव्हट्रेन बदलण्याचा खर्च आणि वाढीव वजन टळतं. इंजिन लांबीच्या दिशेत बसवलेलं आहे आणि व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, २,६६५ मिलिमीटर आहे. हा व्हीलबेस महत्त्वाचा आहे. सुबारू इम्प्रेझा २२बी चा व्हीलबेस २,५२० मिलिमीटर आहे आणि इंजिन पुढच्या अ‍ॅक्सलच्याही पुढे आहे. ती पटकन फिरते, पण एका बाजूच्या ड्रिफ्टमधून दुसऱ्या बाजूला जाताना तितक्याच पटकन गिरकी घेते, आणि नाक जड असल्यामुळे वळणात शिरताना बाहेर ओढते. मिड-इंजिन लॅम्बोर्गिनींचा स्वभाव उलटा: मागचं वजन एकदा झुललं की थांबवणं कठीण.

रिअर-व्हील-ड्राइव्ह गाडी कन्व्हर्जनमधून ऑल-व्हील-ड्राइव्ह करता येते आणि त्यातून उत्तम गाड्या तयार होतात. मात्र कन्व्हर्जननंतर पुढच्या भागाचं वजन तपासा. अपग्रेडच्या पडद्यावर पुढच्या वजनाची टक्केवारी दिसते. ती ५६ च्या वर गेली असेल तर पुढे सांगितलेले अँटी-रोल बारचे (वळणात गाडीचं कलणं रोखणारी दांडी) आकडे पुढच्या बाजूला आणखी मऊ करावे लागतील.

भाग बसवताना

ताकद किती हवी? चार चाकं घसरवायची असल्यामुळे दोन चाकांच्या गाडीपेक्षा जास्त. साधारण १,५०० किलोच्या आर३४ ला ६५० ते ७५० हॉर्सपॉवर पुरते. त्याखाली लांब वळणात मागचे टायर पुन्हा पकड घेतात आणि ड्रिफ्ट मधेच विझतो. ९०० च्या वर गेलात तर थ्रॉटलच्या पहिल्या अर्ध्या भागातच सगळं घडून जातं आणि बोटाला काही नियंत्रण उरत नाही. गेममध्ये गाडीचा वर्ग हॉर्सपॉवरवर नव्हे, एकूण क्षमतेच्या गुणांवर ठरतो; एस१ वर्गाची हद्द ९०० गुण आहे, तिच्या आत हे सगळं बसवता येतं.

ताकदीइतकंच महत्त्व ती कुठे मिळते याला आहे. अपग्रेडच्या पडद्यावरच्या आलेखात टॉर्कची (इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराची) रेषा मधल्या आरपीएमपासून (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या) रेडलाइनपर्यंत (फेऱ्यांची कमाल मर्यादा) सपाट हवी. सर्वांत मोठा टर्बो बसवला की कमाल आकडा छान दिसतो, पण खालच्या आरपीएमला इंजिन पोकळ होतं. ड्रिफ्टमध्ये थ्रॉटल क्षणभर सोडला आणि पुन्हा दाबला की टर्बो भरेपर्यंत ताकद नसते, आणि त्या अर्ध्या सेकंदात पुढचे टायर पकड घेऊन गाडी सरळ करतात. आर३४ चं मूळ आरबी२६ इंजिन ठेवत असाल तर टर्बोची मधली पायरी घ्या आणि उरलेली ताकद कॅमशाफ्ट, एक्झॉस्ट आणि इंटरकूलरमधून काढा. हलकं फ्लायव्हील जरूर बसवा, आरपीएम चटकन वर येतो.

टायर ड्रिफ्ट कंपाउंडचे. त्यांची पकड हळूहळू सुटते आणि हळूहळू परत येते. स्लिक टायरची पकड एकदम सुटते आणि एकदम परत येते, आणि ऑल-व्हील-ड्राइव्हमध्ये हा झटका पुढून आणि मागून दोन्हीकडून बसतो. रुंदी मात्र पुढे जास्तीत जास्त घ्या आणि मागे मूळचीच ठेवा. पुढच्या टायरला दोन कामं आहेत, तेव्हा रबरही त्यालाच जास्त.

सस्पेन्शन ड्रिफ्टचं घ्या, कारण त्याने स्टिअरिंगचा कोन वाढतो. रिअर-व्हील-ड्राइव्हइतका पूर्ण कोन तुम्ही क्वचितच वापराल, पण गाडी जास्त आडवी झाल्यावर परत आणायला तोच उपयोगी पडतो. डिफरेन्शियल (चाकांमध्ये ताकद वाटणारा भाग) रेसचं, कारण पुढचं, मागचं आणि मधलं अशी तिन्ही सेटिंग त्यात मोकळी होतात. गिअरबॉक्स प्रत्येक गिअर वेगळा बदलता येईल असा, म्हणजे रेसचा सहा गिअरचा. चार गिअरचा ड्रिफ्ट गिअरबॉक्सही चालतो, फक्त त्यात पर्याय कमी उरतात. अँटी-रोल बार पुढे-मागे दोन्ही बदलता येणारे हवेत. रेसचे ब्रेक आणि वजन घटवण्याची मधली पायरी घ्या. वजन अगदी शेवटपर्यंत घटवलं तर गाडी उड्या मारायला लागते.

मागचा मोठा स्पॉयलर टाळा. त्याने मागच्या टायरवर दाब वाढतो आणि नेमकं जे सोडवायचं आहे तेच घट्ट होतं.

सेंटर डिफरेन्शियल

सुरुवात इथून करायची. स्प्रिंगपासून सुरुवात करणारे तासन्‌तास फिरत राहतात, कारण सेंटरचा आकडा बदलला की बाकी सगळ्यांचे अर्थ बदलतात.

सेंटर बॅलन्सचा आकडा मागच्या चाकांकडे किती टक्के ताकद जाते ते सांगतो. सुरुवातीला तो ८० ठेवा. ७० च्या खाली पुढची चाकं इतकी ओढतात की थ्रॉटल दाबला की गाडीचा कोन, म्हणजे तिचं आडवेपण, कमी होतो. गाडी वेगवान असते, स्थिर असते, पण आडवी राहत नाही. ९० च्या वर गाडी रिअर-व्हील-ड्राइव्हसारखी वागते, आणि मग ऑल-व्हील-ड्राइव्हचं जादा वजन फुकट वाहून नेल्यासारखं होतं. ७५ ते ८५ या पट्ट्यात खरी मजा आहे: थ्रॉटलने कोन वाढतो आणि पुढची चाकं गाडीला वळणाबरोबर पुढेही खेचत राहतात.

ड्रिफ्ट झोनमध्ये (ड्रिफ्टचे गुण मोजणारा गेममधला रस्त्याचा ठरावीक टप्पा) गुण कोन आणि वेग दोन्हींवर मिळतात. त्यामुळे लांब, उघड्या वळणांच्या झोनसाठी ७५ च्या आसपास जा, कारण तिथे वेग टिकवणं मोलाचं. अरुंद, पटापट दिशा बदलणाऱ्या घाटरस्त्यासाठी ८२ ते ८५, कारण तिथे कोन चटकन यायला हवा. ला ग्रान काल्देरा ज्वालामुखीवर चढणारा रस्ता हा दुसऱ्या प्रकारचा. शिवाय चढावर गाडीचं वजन मागे जातं, मागचे टायर जास्त पकड घेतात, म्हणून तिथे आकडा आणखी थोडा मागे नेला तरी चालतो.

पुढच्या डिफरेन्शियलचा अ‍ॅक्सिलरेशनचा आकडा (थ्रॉटल दाबलेला असताना दोन्ही चाकं एकमेकांना किती जखडायची) २० ते ३०. हा जास्त असला की पुढची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरायला बघतात आणि नाक वळायला नकार देतं. अनेकजण म्हणून तो शून्यावर नेतात, पण त्यातही तोटा आहे. ड्रिफ्टमध्ये वजन एका बाजूला झुकलेलं असतं. पुढचं हलकं झालेलं चाक मोकळं डिफरेन्शियल मिळालं की नुसतंच गरगर फिरतं आणि पुढे जाणारी सगळी ताकद त्याच्यातून वाया जाते. गाडी आडवी असून पुढे सरकत नाही असं वाटलं तर हा आकडा ५-५ ने वाढवून बघा. पुढचा डिसेलरेशनचा आकडा मात्र शून्यच. थ्रॉटल सोडल्यावर पुढच्या चाकांनी फक्त वळावं.

मागचा अ‍ॅक्सिलरेशन १००, म्हणजे दोन्ही मागची चाकं बरोबर फिरतील आणि बरोबर घसरतील. मागचा डिसेलरेशन ५० ते ७०. रिअर-व्हील-ड्राइव्हच्या सेटअपमध्ये हा बऱ्याचदा १०० असतो, कारण तिथे थ्रॉटल सोडल्यावर स्थिरता हवी असते. इथे स्थिरता आधीच भरपूर आहे. वळणात शिरताना थ्रॉटल सोडल्यावर शेपूट हलावं यासाठी हा आकडा कमी ठेवायचा.

गिअर

ध्येय एकच: बहुतेक वळण एका गिअरमध्ये पार पडावं. ड्रिफ्टच्या मधोमध गिअर बदलला की ताकद क्षणभर तुटते, आणि ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडी तेवढ्या क्षणात सरळ होते. रिअर-व्हील-ड्राइव्ह तेवढं माफ करते.

चाकं घसरत असताना रस्त्यावरच्या वेगापेक्षा बरीच जोरात फिरत असतात. गाडी ताशी १०० किलोमीटरने आडवी जात असली तरी चाकांचा वेग १५० च्या घरात सहज जातो. म्हणून गिअरच्या आलेखात तिसऱ्या गिअरची रेडलाइन ताशी १६० ते १७० वर आणि चौथ्याची २०० ते २१० वर बसवा. आधी फायनल ड्राइव्ह (सगळे गिअर एकदम हलवणारा आकडा) हलवून तिसरा गिअर जागेवर आणा, मग चौथा एकटा हलवा. पहिला, दुसरा, पाचवा आणि सहावा यांच्यात वेळ घालवू नका.

इंजिन सारखं रेडलाइनवर आपटत असेल तर फायनल ड्राइव्हचा आकडा थोडा कमी करा. उलट मधल्या आरपीएमला ताकद कमी पडून टायर पकड घेत असतील तर तो वाढवा. एका वेळी ०.१० पुरे.

चाकांचा कोन

ड्रिफ्ट म्हणजे पुढे उणे ५ कॅम्बर (चाकाचा वरून आत-बाहेर झुकाव), हे समीकरण इथे लागू होत नाही. ड्रिफ्टमध्ये उलटं स्टिअरिंग धरलं की कास्टरमुळे (स्टिअरिंगच्या आसाचा मागे असलेला कल) वळणाच्या बाहेरच्या बाजूचं पुढचं चाक वरून बाहेर झुकायला लागतं, म्हणजे त्याचा कॅम्बर धन बाजूला जातो. ते भरून काढण्यासाठी मुळातच भरपूर ऋण कॅम्बर ठेवतात. पण ऑल-व्हील-ड्राइव्हमध्ये उलटं स्टिअरिंग कमी लागतं. पुढची चाकं बरीचशी सरळ ठेवूनच गाडी आडवी चालते. मग उणे ५ कॅम्बरचा टायर फक्त आतल्या कडेवर चालतो, आणि ओढायला लागणारा पट्टा अर्धा उरतो. पुढे उणे २.५ ते उणे ३.५ पुरे. मागे उणे ०.५ ते उणे १.०.

खात्री करायला टेलिमेट्रीत (गाडीची मोजमापं थेट दाखवणाऱ्या पडद्यांत) टायरच्या तापमानाचं पान उघडा. तिथे प्रत्येक टायरच्या आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या भागाचं तापमान दिसतं. आठ-दहा वळणं ड्रिफ्ट करून बघा. पुढच्या टायरची आतली कडा बाहेरच्या कडेपेक्षा सतत खूपच तापलेली असेल तर कॅम्बर अर्ध्या अंशाने कमी करा.

पुढचा टो (वरून बघितल्यावर चाकं आत की बाहेर बघतात तो कोन) बाहेरच्या दिशेला ०.५ पर्यंत. त्यामुळे स्टिअरिंग हलवलं की नाक चटकन उत्तर देतं. मागचा टो शून्य. गिरकी फार लागत असेल तर मागे आतल्या दिशेला ०.१ किंवा ०.२ द्या. कास्टर ६.५. टायरमधली हवा पुढे २८ पीएसआय, म्हणजे सुमारे १.९ बार, आणि मागे ३२ पीएसआय, म्हणजे सुमारे २.२ बार. मागे जास्त हवा म्हणजे मागे पकड थोडी कमी. ताकद कमी पडणाऱ्या गाडीला मागे ३५ पर्यंत नेता येतं, पण एवढ्याने इंजिनाची उणीव भरून निघत नाही.

अँटी-रोल बार, स्प्रिंग आणि डँपर

नियम एका ओळीत मावतो: ज्या टोकाला कडक, त्या टोकाची पकड कमी. ऑल-व्हील-ड्राइव्हला पुढे पकड हवी, म्हणून पुढचा अँटी-रोल बार १५ ते २० आणि मागचा ३० ते ४०. सेंटर डिफरेन्शियलनंतर गाडीचा स्वभाव सर्वांत जास्त इथे बदलतो. मागचा ४५ च्या पुढे गेला की आतलं मागचं चाक उचललं जातं आणि शेपूट झटक्याने सुटतं.

स्प्रिंगची कमाल आणि किमान मर्यादा प्रत्येक गाडीला वेगळी असते, त्यामुळे आकड्यापेक्षा स्लायडरची जागा बघा: पुढची साधारण तीस-पस्तीस टक्क्यांवर, मागची पंचेचाळीस-पन्नास टक्क्यांवर. उंची जवळपास सर्वांत खाली, पण तळाला टेकलेली नको. मेक्सिकोच्या या नकाशात ग्वानाह्वातो शहराच्या गल्ल्यांतून घाटापर्यंत रस्ता एकसारखा सपाट नाही, आणि ड्रिफ्टमध्ये सस्पेन्शन तळाला आपटलं की त्या चाकाची पकड क्षणात जाते. टेलिमेट्रीत सस्पेन्शनचं पान बघा. पट्टी टोकाला लागत असेल तर दोन पायऱ्या उंच करा.

रिबाउंड (दबलेलं सस्पेन्शन परत सुटताना डँपर किती रोखतो) पुढे ९, मागे ८. बंप (सस्पेन्शन दबताना किती रोखतो) पुढे ५, मागे ४.५. बंप नेहमी रिबाउंडच्या अर्ध्याच्या आसपास राहू द्या. मागचं रिबाउंड दिशा बदलताना कामाला येतं. ते फार कडक असेल तर वजन एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला जाताना मागचे टायर रस्त्यावर नीट टेकत नाहीत आणि गाडी गिरकी घेते.

ब्रेकचं बॅलन्स ५० टक्के, दाब १२० टक्क्यांच्या आसपास.

गेमची सेटिंग

ट्रॅक्शन कंट्रोल आणि स्टॅबिलिटी कंट्रोल बंद. हे दोन चालू असतील तर वर लिहिलेलं सगळं व्यर्थ आहे. एबीएस चालू राहिला तरी बिघडत नाही. गिअर मॅन्युअल, कारण ऑटोमॅटिकमध्ये चाकं घसरून आरपीएम वाढला की गेम स्वतःच वरचा गिअर टाकतो, नेमका ड्रिफ्टच्या मध्यावर. स्टिअरिंग आधी नॉर्मलवर ठेवा. कोन सांभाळता यायला लागला की सिम्युलेशनवर जा. तिथे गेमची मदत कमी असते आणि गाडी एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला अधिक मोकळेपणी फेकता येते. कंट्रोलर वापरत असाल तर थ्रॉटलचा आतला डेडझोन शून्य आणि बाहेरचा १०० करा, नाहीतर बोटाच्या हालचालीचा एक हिस्सा वायाच जातो.

चालवताना

सेटअप बरोबर आहे की नाही हे कळायला चालवण्याची पद्धतही ऑल-व्हील-ड्राइव्हचीच हवी. हँडब्रेकवर विसंबू नका. त्याने मागची चाकं अडतात आणि वेग जातो, आणि ऑल-व्हील-ड्राइव्हला परत घसरायला वेगच लागतो. त्याऐवजी वळणाच्या आधी गाडी क्षणभर उलट्या दिशेला वळवा, थ्रॉटल सोडा, मग झटकन वळणाकडे आणा. वजन झुलतं, शेपूट सुटतं. ते सुटतंय असं दिसताच थ्रॉटल पूर्ण दाबा. इथे कचरलात तर गाडी सरळ होते.

एकदा आडवी झाली की उलटं स्टिअरिंग थोडंच धरा. रिअर-व्हील-ड्राइव्हच्या सवयीने पूर्ण उलटं धरलं तर पुढची चाकं गाडीला वळणाबाहेर ओढून काढतात, कारण ती जिकडे बघतात तिकडेच खेचतात. कोन वाढवायचा असेल तर स्टिअरिंग सरळ करत आणा. कोन कमी करायचा असेल तर उलटं वाढवा आणि थ्रॉटल दाबूनच ठेवा. गाडी जवळजवळ नव्वद अंशात आडवी झाली तरी घाबरून थ्रॉटल सोडू नका. पूर्ण उलटं स्टिअरिंग आणि पूर्ण थ्रॉटल ठेवला तर पुढची चाकं तिला ओढून परत आणतात. रिअर-व्हील-ड्राइव्हमध्ये त्या कोनातून सुटका नसते.

नाक वळणाबाहेर सरकायला लागलं तर थ्रॉटल तसाच ठेवून ब्रेकला हलका स्पर्श करा. वजन पुढे येतं, पुढच्या टायरना पकड मिळते, आणि इंजिनाची ताकद न तुटता कोन परत येतो.

काय बिघडलं आणि कुठे हात घालायचा

तपासणीसाठी आधी मोकळ्या सपाट डांबरी जागेवर इंग्रजी आठचा आकडा काढत फिरा, मग एकाच ड्रिफ्ट झोनमध्ये पुन्हा पुन्हा जा. एका वेळी एकच सेटिंग बदला. डावीकडे आणि उजवीकडे दोन्ही वळणांत गाडी कशी वागते ते बघा.

वळणात शिरतानाच नाक बाहेर जात असेल तर आधी सेंटर ३ ने मागे न्या. तरी जात असेल तर पुढचा अँटी-रोल बार ३ ने कमी करा, मग मागच्या डिसेलरेशनला १० ने खाली आणा. या क्रमाने. उलट क्रमाने गेलात तर गाडी शिरताना वळेल पण मधोमध पुन्हा बाहेर ओढेल.

शिरताना छान, पण मध्यावर सरळ होते: बहुतेक वेळा दोष गिअरचा असतो. आरपीएम कुठे आहे ते आधी बघा. तो मधल्या पट्ट्याच्या खाली असेल तर एक गिअर खाली चालवा किंवा फायनल ड्राइव्ह वाढवा. आरपीएम बरोबर असूनही सरळ होत असेल तर सेंटर मागे, आणि मागची हवा २ पीएसआयने वाढवा.

आडवी राहते पण वेग जातो, वळणाच्या शेवटी जवळपास थांबते: कोन जास्त आहे किंवा पुढे ताकद कमी पोहोचते. सेंटर ३ ते ५ ने पुढे आणा, पुढचा अ‍ॅक्सिलरेशन ५ ने वाढवा.

दिशा बदलताना गिरकी: मागचं रिबाउंड १ ने कमी, मागचा अँटी-रोल बार ५ ने कमी. तरीही होत असेल तर मागचा डिसेलरेशन वाढवा. गिरकी नेहमी डावीकडून उजवीकडे जातानाच लागत असेल आणि उलट बाजूला लागत नसेल तर सेटअपला हात लावू नका, तुमचा थ्रॉटल त्या बाजूला उशिरा येतोय.

रस्त्याच्या कडेला चाक लागलं की उडते: बंप थोडा कमी, उंची थोडी जास्त.

इतरांचे शेअर केलेले सेटअप डाउनलोड करून चालवणं शिकण्यासाठी चांगलं आहे, पण त्यातले आकडे गेम दाखवत नाही. त्यातून गाडीची चव घ्या: शिरताना किती सैल आहे, थ्रॉटलवर कोन वाढतो की कमी होतो. मग स्वतःच्या गाडीत तोच स्वभाव वरच्या क्रमाने बांधा.

पाऊस आणि माती

दर गुरुवारी गेममधला ऋतू बदलतो आणि पावसाळी आठवड्यांत ओला रस्ता वारंवार भेटतो. ओल्या रस्त्यावर चारही चाकं सहज घसरतात, त्यामुळे कोन मिळवण्याची अडचण संपते आणि तो सांभाळण्याची सुरू होते. सेंटर ७० ते ७२ वर आणा, मागचा अँटी-रोल बार २५ पर्यंत उतरवा, आणि तिसऱ्याऐवजी चौथ्या गिअरमध्ये चालवा म्हणजे ताकद मऊ येईल. हे वेगळ्या नावाने जतन करून ठेवा, कोरड्या रस्त्याच्या सेटअपवर लिहू नका.

मातीच्या ड्रिफ्ट झोनसाठी टायर रॅलीचे, उंची मधोमध, स्प्रिंग आणि बंप दोन्ही साधारण एक तृतीयांशाने मऊ. इथे सेंटर ६५ पर्यंत खाली आणलं तरी गाडी आडवीच राहते, कारण मातीवर मागची पकड मुळातच कमी असते, आणि पुढची ओढ वेग टिकवते. पुढचा कॅम्बर उणे १.५ वर आणा. मातीत टायर जितका सपाट टेकेल तितकी ओढ जास्त.